घरच्या घरी मोटरसायकलचे डिस्क ब्रेक पॅड तपासणं आणि बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः १०० ते ३५० सीसीच्या, पुढे एक डिस्क आणि सरकता कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) असलेल्या गाड्यांसाठी आहेत. डिस्क ब्रेकच्या गाड्यांत आपल्याकडे बहुतेक त्याच दिसतात. मी मेकॅनिक नाही. गेली काही वर्षं घरातल्या दोन गाड्यांचे पॅड स्वतः बदलतो, आणि गल्लीतल्यांच्या गाड्यांचेही, चहाच्या बोलीवर.

लिव्हर पूर्वीसारखाच घट्ट लागतोय. म्हणजे पॅड चांगलेच असणार ना?

नाही. सगळी गफलत इथेच होते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हात ड्रम ब्रेकवर तयार झालाय. ड्रममध्ये लायनर घासला की लिव्हर सैल होत जातो, मग आपण चाकापाशी वाकून नट दोन फेरे आवळतो. म्हणजे ब्रेक आपणहून सांगत असतो की बाबा, मी झिजलोय. डिस्क ब्रेक असं काही सांगत नाही. कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्यासोबत किंचित पिळलं जातं. लिव्हर सोडला की सील पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला तेवढंच, केसभर मागे ओढतं. पॅड जसा झिजतो तसा पिस्टन सीलमधून घसरून थोडा पुढे येऊन बसतो. त्यामुळे पॅड आणि डिस्कमधलं अंतर कायम तेवढंच राहतं, आणि लिव्हरही शेवटच्या दिवसापर्यंत नव्यासारखाच लागतो. मग एके दिवशी लोखंडावर लोखंड.

म्हणून डिस्क ब्रेकचा अंदाज हाताने घ्यायचा नसतो. डोळ्याने बघावं लागतं.

मग बघायचं कसं? त्यासाठी काही खोलावं लागतं का?

काही नाही. मोबाइलची बॅटरी लावा, पुढच्या चाकाशी उकिडवे बसा आणि कॅलिपरच्या फटीत प्रकाश टाका. काही गाड्यांना समोरून चांगलं दिसतं, काहींना मागून किंवा खालून. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड दिसेल. डिस्कला चिकटून असलेला काळपट किंवा करडा थर म्हणजे घासणारं मटेरियल, आणि त्याच्या मागे चकचकीत किंवा रंगवलेली दिसते ती लोखंडी पट्टी. मोजायचा तो फक्त थर. पट्टीसकट जाडी धरून ‘अजून भरपूर आहे’ म्हणणारे मी खूप पाहिलेत.

दोन्ही पॅड बघा. चाकाच्या बाजूचा पॅड दिसायला अवघड असतो, म्हणून लोक बाहेरचा बघून उठतात. सरकत्या कॅलिपरच्या पिना चिखलाने किंवा गंजाने अडकल्या की एकच पॅड जास्त झिजतो, आणि तो नेमका न दिसणारा निघू शकतो. डोळा पोचत नसेल तर मोबाइल फटीशी धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा.

किती जाडी उरली की बदलायचे?

नव्या पॅडवर साधारण ४ ते ५ मिलिमीटर मटेरियल असतं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत मर्यादा १ ते १.५ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतच बघा. बऱ्याच पॅडांवर खाच असते. ती पुसट झाली की पॅड संपला असं समजायचं.

माझा नियम थोडा आधीचा आहे. २ मिलिमीटर दिसलं की नवे पॅड आणून ठेवतो आणि पुढच्या रविवारी बदलतो. पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर त्याही आधी.

किती किलोमीटरला बदलावे लागतात?

ठरावीक आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. शहरातल्या सिग्नलमधली गाडी, हायवेची गाडी आणि उसाच्या रस्त्याला चिखलात चालणारी गाडी यांचं आयुष्य एक नसतं. दर महिन्याला हवा भरताना बघायचं, एवढंच.

ब्रेक दाबला की कुईंऽऽ असा आवाज येतो. पॅड संपले का?

संपले असतील, नसतीलही. बारीक कुईं हा बहुधा धूळ, पाऊस किंवा गुळगुळीत झालेल्या पॅडचा आवाज असतो. पॅडमागची स्प्रिंगपट्टी किंवा शिम (पातळ पत्रा) गळाली असली तरीही येतो. पण खरखर, किसणीवर खोबरं किसल्यासारखा आवाज आला आणि लिव्हरमधून हाताला तो जाणवला, तर गाडी तिथेच थांबवून बघा. पट्टी डिस्कला लागलेली असू शकते. पॅडचा जोड काही शे रुपयांत येतो. डिस्कला त्याच्या कित्येक पट पैसे जातात.

ब्रेक ऑइल खालच्या खुणेशी आलंय. टॉप-अप करू का?

आधी पॅड बघा. पिस्टन पुढे सरकला की त्याच्यामागची जागा ऑइलने भरते, म्हणून पॅड झिजले की हँडलवरच्या डबीतली पातळी आपोआप उतरते. ही गळती नव्हे. उलट डिस्क ब्रेक जी एकमेव खूण देतो ती हीच. तुम्ही टॉप-अप केलंत तर ती खूणही पुसली जाते. शिवाय नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की जादा ऑइल डबीतून उतू जातं. ग्लायकोलवालं ब्रेक ऑइल रंग खातं. टाकीवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पॅड चांगले जाड आहेत आणि तरी पातळी उतरतेय, तर मात्र कुठेतरी गळतंय. मग गॅरेज गाठा.

हे काम घरी करावं की नाही?

तपासणं प्रत्येकाने करावं. बदलणं मात्र ज्याचा पान्यावर हात बसलाय त्यानेच. बोल्ट किती आवळायचा हे हाताला कळत नसेल, आट्या जाईपर्यंत ओढायची सवय असेल, किंवा ‘होऊन जाईल’ हे आवडतं वाक्य असेल, तर गॅरेजला जा आणि शेजारी उभं राहून बघा. एकदा बघितलेलं काम पुढच्या वेळी सोपं जातं.

काय काय हत्यारं लागतात?

कॅलिपरच्या बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, बहुतेक गाड्यांना १२ किंवा १४ चा लागतो. पॅडची पिन काढायला ॲलन की किंवा पक्कड. चपटा स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, सुती फडकी, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, आणि मेडिकलमधून १० मिलीची एक सिरिंज, सुई नको. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकंच आवळू देणारा) असेल तर उत्तमच. हातमोजे घाला.

ग्रीस सिलिकॉनचंच हवं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस पिनांच्या रबरी बुटांना फुगवतं.

कुठले पॅड घ्यावेत?

रोजच्या वापराला कंपनीचे, गाडीच्या पार्ट नंबरचे. बस.

दुकानात ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिंटर्ड असे शब्द कानावर पडतात. ऑरगॅनिक मऊ असतो, आवाज कमी करतो, डिस्कला जपतो, पण लवकर झिजतो. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून, तापवून केलेला. पावसात आणि उष्णतेत दमदार, पण डिस्क त्याला साजेशी नसेल तर तिला खातो. काही पॅडांच्या पट्टीवर एफएफ, जीजी, एचएच अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची, आणि अक्षर जितकं पुढचं तितकी पकड जास्त. एचएच बघून हुरळून जाऊ नका. मुळात सौम्य पॅडसाठी बनवलेल्या पुढच्या ब्रेकला एकदम चावरा पॅड लावला की ओल्या रस्त्यावर, विशेषतः एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत, चाक आवळलं जाऊ शकतं.

स्वस्त लोकल पॅडचा एक अनुभव सांगतो. एका दुकानातून घेतलेल्या पॅडचं मटेरियल काही महिन्यांत पट्टीपासून कडेने सुटायला लागलं होतं. महिन्याच्या तपासणीत दिसलं म्हणून बरं. वाचवलेले दीडशे रुपये मला अजून आठवतात.

आता क्रमाने सांगा. पॅड कसे बदलायचे?

गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर. नसेल तर साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकाला वीट लावून. इंजिन आणि डिस्क थंड असू दे. सुरू करण्याआधी कॅलिपरचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. जोडताना स्प्रिंगपट्टी उलटी की सुलटी हा वाद स्वतःशी घालावा लागत नाही.

कॅलिपर साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती छातीत जाऊ नये अशी असते.

कॅलिपर फोर्कवर घट्ट असतानाच पॅडची पिन एक फेरा सैल करा. सुटा कॅलिपर हातात धरून ती काढायला गेलात तर हमखास पाना घसरतो. काही गाड्यांत पिनेवर छोटं झाकण-स्क्रू असतं, काहींत क्लिप. ते आधी काढा. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर अलगद डिस्कवरून ओढा. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. सुतळीने हँडलला बांधा. आणि इथपासून काम संपेपर्यंत ब्रेक लिव्हरला कुणी हात लावायचा नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला आधीच आत पाठवा. पॅड नसताना लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येऊन पडतो, आणि मग रविवार गेलाच.

पिन ओढा, जुने पॅड काढा. दोन्ही शेजारी ठेवून त्यांची जाडी बघा. एक जाड आणि एक पातळ असेल तर सरकत्या पिना अडकल्या आहेत. पाचर झाल्यासारखा, एका टोकाला जास्त झिजला असेल तरी तेच. पिना बाहेर काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, गंज पॉलिश पेपरने काढा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. कॅलिपर बोटाने सहज सरकला पाहिजे. हे पाच मिनिटांचं काम बरीच गॅरेजं करत नाहीत, आणि नवा पॅड दोन महिन्यांत एकाच बाजूने का झिजला याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

आता पिस्टन. दिसतोय तेवढा भाग टूथब्रश आणि ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. मळलेला पिस्टन तसाच आत ढकलला तर घाण सीलमध्ये जाते. वर डबीचं झाकण सैल करा, भोवती फडकं गुंडाळा, आणि अंगठ्यांनी किंवा जुना पॅड आडवा लावून स्क्रू ड्रायव्हरच्या दट्ट्याने पिस्टन हळूहळू आत दाबा. दोन पिस्टन असतील तर एकाला दाबताना दुसरा बाहेर येतो, म्हणून दोघांनाही सोबत धरा. डबीतलं ऑइल वर चढताना दिसेल. उतू जाईलसं वाटलं की सिरिंजने ओढून घ्या.

नवे पॅड बसवा, मटेरियल डिस्ककडे. हसू नका, उलटे बसवलेले लोक आहेत. बोटाचा तेलकटपणा घासणाऱ्या बाजूला लागू देऊ नका. पिन घाला, कॅलिपर डिस्कवर चढवा, बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा, मग पिन पक्की करा आणि क्लिप लावा. डबीचं झाकण बंद करा. डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने पुसा.

झालं, आता निघू?

थांबा. अजून ब्रेक नाहीये.

पिस्टन मागे गेलेला आहे, त्यामुळे पहिला लिव्हर सरळ हँडलला टेकणार. गाडी हलवण्याआधी लिव्हर पुन्हा पुन्हा दाबा: दहा वेळा, पंधरा वेळा, तो दगडासारखा घट्ट होईपर्यंत. मगच स्टँड काढा.

मी पहिल्यांदा पॅड बदलले तेव्हा सगळं नीट केलं, हात धुतले, चहा घेतला आणि आरामात गाडी गेटबाहेर ढकलली. आमच्या गल्लीला उतार आहे. मी पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवून चालत होतो, आणि लिव्हर हवेतच गेला. गाडी मला घेऊन समोरच्यांच्या तुळशी वृंदावनाकडे निघाली. पायाने थांबवली, चप्पल फाटली, वृंदावन वाचलं. इंजिन चालू असतं आणि खाली चौक असता तर? तेव्हापासून हँडलला लाल फडकं बांधून ठेवतो आणि लिव्हर घट्ट झाल्यावरच ते सोडतो.

लिव्हर घट्ट झाला की पुढचं चाक उचलून फिरवून बघा. किंचित घासल्याचा आवाज चालेल, पण चाक अडता कामा नये. मग ऑइलची पातळी परत बघा.

वीस वेळा दाबूनही लिव्हर स्पंजासारखाच लागतोय.

लाइनमध्ये हवा गेलीय. पॅड बदलताना एरवी ती जात नाही, कारण आपण नळी उघडतच नाही. ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा बाहेर काढणं, करावं लागेल. येत नसेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

नवे पॅड घातले आणि ब्रेक आधीपेक्षा कमीच लागतो!

साहजिक आहे. जुन्या डिस्कवर वलयं असतात, नवा पॅड सपाट असतो. दोघांची तोंडओळख व्हायला वेळ लागतो. रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, वेग उतरवा. असं दहा-पंधरा वेळा, मध्ये डिस्क थंड व्हायला थोडं अंतर चालवत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि गरज नसताना करकचून ब्रेक मारू नका.

पेट्रोलने किंवा डिझेलने कॅलिपर धुतला तर?

गॅरेजमध्ये सर्रास धुतात, माहीत आहे. पण ब्रेकची रबरं ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांनी ती फुगतात. फुगलेलं सील पिस्टनला मागे येऊ देत नाही, आणि मग ‘ब्रेक पकडतोय’ ही तक्रार सुरू होते. ब्रेक क्लीनर नसेल तर साबण-पाणी पुरे.

चेनला स्प्रे मारला आणि मागचा ब्रेक लागेनासा झाला.

मागच्या डिस्कवर ल्यूब उडालंय. डिस्क क्लीनरने स्वच्छ होईल, पण पॅडने तेल पिलं असेल तर तो गेला. तव्यावर भाजून तेल काढायचे प्रयोग लोक करतात. मी त्यांच्या घरचा तवा आणि ब्रेक दोन्ही टाळतो. पुढच्या वेळी स्प्रे मारताना डिस्कसमोर पुठ्ठा धरा.

डिस्क कधी बदलायची?

डिस्कवर ‘मिनिमम थिकनेस’चा आकडा कोरलेला असतो. कडेला उंचवटा तयार होतो, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपरने आतल्या घासल्या गेलेल्या भागाची जाडी मोजा. आकड्याखाली गेली की बदला. नख अडकेल इतके खोल चर असतील किंवा ब्रेक मारताना लिव्हर हाताला धक्के देत असेल, तरी ती मेकॅनिकला दाखवा.

एबीएसच्या गाडीत काही वेगळं करावं लागतं का?

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणून हा प्रश्न आता रोजचा झालाय. पॅड बदलायची पद्धत तीच. चाकाजवळची सेन्सरची वायर ताणू नका आणि भोकाभोकांच्या सेन्सर रिंगला स्क्रू ड्रायव्हर लागू देऊ नका. लाइनमध्ये हवा गेली तर मात्र सर्व्हिस सेंटरलाच जा. काही गाड्यांत मॉड्यूलमधली हवा काढायला स्कॅनर लागतो.

घाट उतरताना अचानक ब्रेक ढिला पडला. पॅड तर नवे होते.

तो दोष बहुधा ऑइलचा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड हवेतलं पाणी शोषतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशच धरली जाते. कुंभार्ली घाट चिपळूणकडे न्यूट्रलवर, सतत ब्रेक धरून उतरलात की कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून लिव्हर सैल पडतो. ऑइल दोन वर्षांनी बदला आणि झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका, डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकोलचंच. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

रात्रभर पावसात गाडी होती, सकाळी डिस्क गंजलेली दिसतेय.

पहिल्या दोन ब्रेकमध्ये निघून जाईल. तेल लावू नका!

एकच पॅड झिजलाय. एकच बदलला तर चालेल?

नाही. जोडीनेच बदला.

जुन्या पॅडांचं काय करू?

एक पॅड टूलच्या डब्यात ठेवा, पुढच्या वेळी पिस्टन दाबायला तोच उपयोगी पडतो. उरलेला भंगारवाल्याला.